अंजीराचं बोन्साय, नर्सरीतून तयार घेतलेलं: वर्षभर सांभाळल्यानंतरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. झाड एक नंबर, कुंडी ठीकठाक, माती बेकार आणि सोबत दिलेला काळजीचा कागद पूर्ण चुकीचा. तरीपण मी पाचपैकी चार देतेय कारण बोन्साय विकत घेताना आपण खरं तर खोड विकत घेत असतो, माती कुंडी तार सगळं नंतर बदलता येतं पण खोड नाही बदलता येत, आणि खोड या लोकांनी खरंच मन लावून निवडलेलं होतं.

नर्सरीचं नाव लिहीत नाहीये. सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्यांची जी रांगच्या रांग आहे त्यातलीच एक. तिथे बोन्साय म्हणून जे ठेवलेलं असतं त्यात बरंचसं ते फुगलेल्या मुळांचं फायकस असतं, दुकानात ऑफिसात सगळीकडे दिसतं ते. ते पण अंजीराच्याच कुळातलं, फायकस मायक्रोकार्पा, त्याची मुळं मुद्दाम जाड करतात आणि वर बारीक पानांच्या जातीचं कलम बांधतात म्हणून खालचं धूड आणि वरची पालवी एकमेकांची वाटत नाहीत. मला ते नको होतं. मला खायचं अंजीर हवं होतं, आपलं पुरंदरचं, ज्याला खरखरीत पंजासारखी पानं येतात आणि तोडलं की चीक येतो. आमचं माहेर सासवडच्या अलीकडचं, दिवे घाट चढून गेलं की रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन बसलेल्या बायका आणि त्यात पानांवर रचलेली अंजिरं हे लहानपणापासून बघितलेलं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरी सगळ्यांना असा आनंद झाला होता की जणू आमच्याच बागेला मिळालं, आमची बाग नाहीये तरी.

तर झाडाबद्दल. मी जानेवारीच्या शेवटी घेतलं आणि हे मुद्दाम. थंडीत अंजीराची बरीचशी पानं गळतात, पुण्यात सगळी गळतीलच असं नाही पण झाड उघडं दिसतं, आणि उघडं झाड बघून घेणं हाच एकमेव शहाणा मार्ग आहे असं माझं ठाम मत. पानं असताना अंजीर कुठलंही छानच दिसतं हो, एवढी मोठी पानं असतात की खाली खोड सरळसोट काठी असलं तरी कळत नाही. उघड्या झाडात कळतं की खोड खालून वर निमुळतं होतंय का, फांद्या एकाच ठिकाणाहून चार फुटल्यात की वरखाली आहेत, जुन्या छाटणीच्या जखमा भरल्यात का सडून काळ्या पडल्यात. नर्सरीवाले दादा म्हणाले ताई आत्ता कशाला घेताय मार्चमध्ये या मस्त हिरवंगार असेल, मी म्हटलं दादा मला हेच बघायचंय.

खोड मनगटाएवढं आहे, राखाडी, गुळगुळीत, बुडाशी मुळं चारी बाजूंनी फाकलेली. आणि ही चारी बाजूंची मुळं कशामुळे तर हे झाड गुटी कलमाचं आहे. तिथले म्हातारे माळीकाका आहेत त्यांनी सांगितलं, पुरंदरच्या एका बागेत जुनी झाडं काढायची होती, त्या बागायतदाराकडून त्यांनी जाड जाड फांद्यांवर पावसाळ्यात गुट्या बांधून घेतल्या, म्हणजे फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लास्टिकने आवळायचं, मुळं सुटली की खालून कापून घ्यायचं. अंजीराला मुळं पटकन सुटतात. यात फायदा असा की फाटे कलम म्हणजे फांदीचा तुकडा मातीत लावून मनगटाएवढं खोड करायला कितीतरी वर्षं जातात, गुटीत ते पहिल्याच वर्षी हातात येतं, आणि सालीच्या कापाभोवती गोलाकार मुळं सुटतात त्यामुळे बुडाचा फेर देखणा होतो. बोन्सायवाल्यांना याची किंमत विचारा. बी लावून तर अंजीर करूच नका, आपल्याकडचं पुणेरी अंजीर परागीकरणाशिवायच फळतं, आतल्या बिया पोकळ असतात, उगवत नाहीत. (याच कारणाने आपल्या अंजिरात मेलेली माशी असते वगैरे जे मेसेज फिरतात ते आपल्या अंजिराला लागू नाही, ती गोष्ट स्मर्ना जातीच्या अंजिराची, त्याला ती बारीक गांधीलमाशी लागते, आपल्याला लागत नाही. निवांत खा.)

टॅगवर मात्र लिहिलं होतं वय १५ वर्षं. आता फांदी जर जुन्या झाडाची असेल तर लाकूड जुनं असेलही, पण स्वतःच्या मुळांवर ते झाड फार तर एकदोन वर्षांचं आहे, आणि गिऱ्हाईकाला ते स्पष्ट सांगायला पाहिजे. काउंटरवरचा मुलगा पंधरा वर्षं पंधरा वर्षं करत होता, माळीकाकांनी एका शब्दात खरं सांगितलं. त्यामुळे तिथे गेलात तर काउंटरवर विचारू नका, आत जाऊन काकांना गाठा.

किंमत ३,२०० रुपये पडली, कुंडीसकट. शेजारीच फळं लागलेली झाडं होती ती साधारण हजारभर रुपयांनी महाग, आणि खोडं त्यांची अंगठ्याएवढी! लोक तीच उचलत होते. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण अंजीराच्या बारीक फाट्यालाही पहिल्या दुसऱ्या वर्षी फळ लागतं, फळ लागणं ही त्या झाडाची काही कमाई नाही, आणि ते फळ दोन आठवड्यांत पिकून किंवा गळून संपणार. मग हातात राहते काठी. हजार रुपये जास्त द्यायचेच असतील तर जाड खोडाला द्या.

आता माती. घरी आणून कुंडीतून बाहेर काढलं, कारण मुळं न बघता मी कुठलंही झाड ठेवत नाही. वर पांढरे खडे पसरलेले, त्याखाली शोभेचं शेवाळ, त्याखाली काळी माती आणि कोकोपीट कालवून घट्ट बसलेलं. पाणी टाकलं की वरच्या वर तळं होतं आणि एकदा आत शिरलं की चार दिवस निघत नाही. अंजीराला हे अजिबात चालत नाही. पुरंदरच्या बागा बघा, हलकी मध्यम जमीन, मुरमाड, पाणी झरझर खाली जाणारी, म्हणून तर तिथे अंजीर पिकतं. उथळ ट्रेमध्ये तर निचरा अजूनच महत्त्वाचा कारण कुंडी जितकी उथळ तितकी तळाशी ओल जास्त धरून राहते. एवढ्या चांगल्या झाडाला एवढी वाईट माती का देतात कळत नाही, बहुतेक विक्रीपर्यंत पाणी कमी घालावं लागावं म्हणून.

मुळांवर गाठी आहेत का ते मी नीट बघितलं, धुवून. अंजीराला सूत्रकृमींचा त्रास फार, मुळांवर मण्यांसारख्या गाठी येतात आणि झाड कारण नसल्यासारखं खंगत जातं. एकही गाठ नव्हती, याचे नर्सरीला पूर्ण मार्क. तुम्ही घेताना दादांना सांगून कुंडीतून उचलून दाखवायला लावा, नाही म्हणाले तर दुसऱ्या नर्सरीत जा, रस्त्यावर भरपूर आहेत.

नवीन मिश्रण मी असं केलं, विटांचे तुकडे करून चाळून घेतले, ज्वारीपासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतच्या आकाराचे ठेवले आणि भुकटी सगळी फेकली, असे दोन भाग, जाड मुरूम चाळून एक भाग, कुजलेल्या पानांचं खत एक भाग. बास. परदेशी अकादमा वगैरे महागड्या मातीची अंजीराला काही गरज नाही. मुळं तिसरा हिस्सा छाटली, खाली जाणारी जाड मुळं जास्त कापली आणि बाजूची बारीक ठेवली, भोकांवर जाळी, झाड तारेने कुंडीला बांधून टाकलं म्हणजे वाऱ्याने हलत नाही आणि नवीन कोवळी मुळं तुटत नाहीत. डोळे (फांदीवरचे कोंब) फुगायला लागलेत पण फुटलेले नाहीत ही अंजीराची कुंडी बदलायची बरोबर वेळ, आपल्याकडे जानेवारी शेवट ते फेब्रुवारी. वड पिंपळ उंबराला जून जुलै चांगला, त्यांना उष्णता आणि दमटपणा आवडतो, अंजीराचं गणित वेगळं. निंबोळी पेंड लगेच घातली नाही, कापलेल्या मुळांना ताजी पेंड पोळते, महिन्याभराने पालवी स्थिरावल्यावर कडेकडेने घातली.

कुंडी खुर्जाची सिरॅमिकची निळी, दिसायला बरी, पण भोक एकच आणि तेही मध्ये उंचवट्यावर. दोन अजून पाडून घेतली. नंतर मातकट रंगाची बिनचकाकीची घेणार आहे, राखाडी खोडाला ती शोभते, पण हे माझ्या आवडीचं, यात नर्सरीची चूक नाही.

काळजीच्या कागदावर काय लिहिलंय बघा. सावलीत ठेवा. आठवड्यातून दोनदा पाणी. घरात एसीत चालेल. हे तिन्ही त्या फुगलेल्या मुळांच्या फायकससाठीही अर्धवटच बरोबर आहे आणि अंजीरासाठी तर पूर्ण चूक. बहुतेक एकच कागद छापून सगळ्या झाडांना लावतात. अंजीराला ऊन पाहिजे, कडक, दिवसाचे सहा तास तरी, आणि बाहेरच पाहिजे. घरात ठेवलंत तर फांद्या लांबतात, दोन पानांतलं अंतर वाढतं, पानं ताटाएवढी होतात आणि मग म्हणता अंजीराचं बोन्साय होत नाही. होतं, गच्चीवर होतं. कुंडी बदलल्यावर तेवढे दोन तीन आठवडे अर्धवट सावली, मग उन्हात. पाणी आठवड्याचा हिशोब धरून घालायचंच नाही, बोट पहिल्या पेरापर्यंत घालायचं, कोरडं लागलं की भोकातून वाहीपर्यंत घालायचं. एप्रिल मेमध्ये माझ्याकडे सकाळ संध्याकाळ दोन वेळा लागतं. दुपारी पानं मान टाकतात, घाबरू नका, माती ओली असेल तर सूर्य कलल्यावर परत उभी राहतात. माती ओली असताना सकाळी पण मान टाकलेली असेल तर मात्र मुळं सडतायत, लगेच उपसून बघा.

पानांचा आकार हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यात मला खरं काय ते सांगायचंय. अंजीराची पानं वडाच्या किंवा मायक्रोकार्पाच्या बोन्सायसारखी नखाएवढी कधीच होणार नाहीत. माझ्या झाडाला आणल्यावर पहिली पालवी आली ती माझ्या पंजाहून मोठी. वर्षाच्या शेवटी ती साधारण निम्म्यावर आली आणि अजून थोडी कमी होतील. कशाने तर भरपूर ऊन, नत्राचं खत कमी, आणि शेंडा खुडणं. फांदीला तीन पानं आली की शेंडा चिमटीने खुडायचा, मग पानांच्या बगलेतले डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन होतात, दोनाच्या चार, जितकी टोकं जास्त तितकी ताकद वाटली जाते आणि पान लहान येतं. पानं काढणं हा दुसरा उपाय, देठ ठेवून पातं कात्रीने कापायचं, देठ आपोआप गळतं आणि त्या जागी नवीन छोटं पान येतं. पण हे तब्येतीने खणखणीत असलेल्या झाडालाच करायचं आणि वर्षातून एकदाच, मी जूनच्या सुरुवातीला केलं आणि तेही वरच्या जोरदार फांद्यांचं फक्त, खालच्या अशक्त फांद्यांची पानं तशीच ठेवली म्हणजे त्या जाड होतात. कुंडी बदललेल्या वर्षी सगळं झाड ओरबाडायचं नाही.

आणि म्हणून अंजीर छोटं करू नये. वीतभर अंजीर बोन्साय म्हणून विकतात ते नका घेऊ, पानांच्या मानाने झाड हास्यास्पद दिसतं. दीड दोन फूट उंची पाहिजे, खोड जाड पाहिजे, मग मोठी पानं पण अंगावर येत नाहीत. माझं साधारण पावणेदोन फूट आहे. आणि खरं सौंदर्य विचाराल तर पानं नसतानाच्या महिन्यांत आहे, राखाडी सालीवर फांद्यांची वळणं आणि टोकाला ते टोकदार हिरवे डोळे. ज्यांना पारंब्या हव्यात त्यांनी अंजीराच्या वाटेला जाऊ नये, त्यांनी वड घ्यावा.

तार. झाड आणलं तेव्हा दोन फांद्यांवर त्यांना वळण द्यायला गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार रुतलेली होती, सालीत चर पडलेला. इथे एक मार्क कापला मी. अंजीराची साल पातळ, वाढ जोरात, पावसाळ्यात तर दोन आठवड्यांत तार रुतते, विकायला ठेवलेल्या झाडाची तार कुणी बघतच नाही. तार उलगडायची नाही, वळणावळणावर कटरने तोडून काढायची, उलगडताना फांदी मोडते. अंजीराची हिरवी कोवळी फांदी लोण्यासारखी वळते आणि एकदा लाकूड झालं की कटकन मोडते, त्यामुळे जे वळवायचंय ते त्याच हंगामात वळवा, फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची तार घ्या. माझा अनुभव असा की अंजीरात तारेपेक्षा छाटूनच दिशा देणं बरं पडतं, ज्या दिशेला फांदी हवी त्या दिशेच्या डोळ्यावर छाटायचं.

छाटताना दोन गोष्टी. पहिली चीक. हातमोजे घाला, खरंच घाला. अंजीराचा पांढरा चीक कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं की लाल चट्टे येतात, फोड येतात, काळे डाग कितीतरी दिवस जात नाहीत. लहान मुलं जवळ असतील तर अजून जपा, आणि छाटणी संध्याकाळी करा. दुसरी गोष्ट फांदीच्या आत गाभा मऊ असतो, डोळ्याला खेटून कापलं तर कापापासून खाली वाळत जातं आणि डोळाही मरतो. बोटाच्या पेराएवढा खुंट ठेवायचा, तो वाळू द्यायचा, मग नंतर साफ कापायचा. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावा, बागायतदार लावतात तीच, नाहीतर पावसाचं पाणी गाभ्यात जाऊन खोड आतून पोकळ होतं. अंजीराच्या मोठ्या जखमा फार हळू भरतात, म्हणून मोठी फांदी काढायची असेल तर झाडाच्या मागच्या बाजूची काढा.

पावसाळा हा पुण्यातल्या अंजीराचा खरा परीक्षेचा काळ. ऑगस्टमध्ये पानांच्या खालच्या बाजूला बारीक तांबूस पिवळ्या पुटकुळ्या दिसल्या, बोटाला पावडर लागते, तो तांबेरा, बुरशीचा रोग. नर्सरीला फोटो पाठवला तर काउंटरवरून उत्तर आलं, खत कमी पडलंय ताई डीएपी टाका. डीएपी म्हणजे नत्र आणि स्फुरदाचं खत, अजिबात टाकू नका असं काही. नत्र दिलं की अजून कोवळी लुसलुशीत पानं येतात आणि तांबेरा अजून चढतो. मी रोगट पानं काढून पिशवीत बांधून कचऱ्यात दिली, कंपोस्टमध्ये नाही, कुंडी शेडच्या कडेला अशी सरकवली की ऊन मिळेल पण पावसाची झोड पानांवर येणार नाही, कुंडीच्या एका बाजूखाली वीट देऊन तिरकी केली म्हणजे साचलेलं पाणी निघून जातं. तेवढ्याने आटोक्यात आलं. बागेत बोर्डो फवारतात, जास्त असेल तर तुम्ही पण फवारा पण मग फळं खायचा विचार असेल तर वेळेचं भान ठेवा. पिठ्या ढेकूण पण येतो, पानाच्या बगलेत कापसासारखा, जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढला. खोडकिडा अजून तरी नाही, पण खोडाला बारीक भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला तर लगेच भोकात तार घालून अळी मारायची, बोन्सायला खोडच गेलं तर उरतं काय.

दोन दिवसांनी माळीकाकांचा स्वतःचा फोन आला हं, मुलाने फोटो दाखवला असणार. म्हणाले पोरी तांबेरा आहे, पानं काढ, पाणी वरून नको घालूस. विकून झाल्यावर कोण असं करतं? हा एक फोन मी रिव्ह्यूत लिहायलाच पाहिजे, त्या माणसाचं झाडांवर प्रेम आहे.

आता फळं. सासवडच्या रस्त्यावर अंजीर घेताना एका आजींना विचारलं होतं, त्यांची बाग आहे. त्यांनी बहाराचं सगळं समजावलं. पुरंदरमध्ये दोन बहार, खट्टा आणि मिठा. खट्ट्याची फळं पावसाळ्यापासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत, गोडी कमी. मिठ्याची मार्च ते मे, उन्हात पिकलेली, ती खरी गोड. मिठा बहार धरायचा तर पाऊस सरता सरता झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळतात, मग सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये छाटणी करून खतपाणी सुरू करायचं. मी कुंडीत हेच केलं पण ताण अगदी हलका दिला, ट्रेमध्ये माती मूठभर असते, बागेतल्यासारखं पाणी तोडलं तर झाड जाईल. फक्त पाण्याचं अंतर वाढवलं, खत बंद, मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला हलकी छाटणी आणि नंतर परत नेहमीचं पाणी.

नवीन फुटव्यावर पानांच्या बगलेत फळं धरली. बऱ्याच फांद्यांवर. मी चारच ठेवली आणि बाकीची हिरवी असतानाच काढली, कारण फळ काही झाडाबरोबर छोटं होत नाही, पूर्ण आकाराचंच येतं आणि झाडाची सगळी ताकद खातं. शिवाय शेंडे खुडणं आणि फळ धरणं ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध जातात, तीन पानांवर खुडत राहिलात तर फळं कमीच धरणार. म्हणून दोन फांद्या फळांसाठी थोड्या लांब वाढू दिल्या, पाच सहा पानांपर्यंत, आणि बाकी झाडाचा आकार धरून ठेवला. ज्या फांद्यांनी फळ दिलं त्या पुढच्या छाटणीत आखूड. दरवर्षी वेगळ्या दोन फांद्या, असा विचार आहे.

चार साडेचार महिने लागतात पिकायला. आधी पटकन फुगतं, मग मधले कितीतरी आठवडे काहीच होत नाही, हिरवं कडक तसंच, आणि मग शेवटच्या आठवड्यात एकदम दुप्पट होतं, जांभळट होतं, मान लवते. मान लवल्याशिवाय तोडू नका, कच्चं तोडलेलं अंजीर घरात ठेवून पिकत नाही. आणि बुलबुलांना आपल्या आधी कळतं, म्हणून जाळीची पिशवी बांधा, रात्री वटवाघळं पण येतात. फेब्रुवारीच्या शेवटी पहिलं उतरवलं, घरातल्या सगळ्यांनी एकेक फोड खाल्ली. गोडी खरंच चांगली होती, बाजारातल्यापेक्षा कणभर जास्तच, कारण बाजारात येणारं वाहतुकीसाठी थोडं आधी तोडलेलं असतं.

नणंद न्यू जर्सीत असते, तिला फोटो पाठवल्यापासून तिने पण अंजीर लावलंय कुंडीत. तिकडे हिवाळ्यात पानं गळाली की कुंडी गॅरेजमध्ये, अंधारात चालते कारण पानंच नसतात, महिन्यातून थोडं पाणी, आणि थंडी ओसरली की बाहेर. तिच्या शेजारचे इटालियन आजोबा जमिनीतलं झाड गोणपाटात गुंडाळून ठेवतात दर वर्षी. उथळ ट्रेमधली मुळं बर्फाच्या थंडीत उघड्यावर टिकत नाहीत हे तिकडच्यांनी लक्षात ठेवा.

एक गोष्ट अजून, नर्सरीत रिपॉटिंग सर्व्हिस आहे, ८०० रुपये. मी घेतली नाही पण तिथे बसून दुसऱ्या एका बाईंच्या झाडाचं करताना बघितलं, काकांनी मुळं छान विंचरली, सावकाश, आणि मग परत तीच काळी माती आणि कोकोपीट भरलं. त्यामुळे करून घ्यायचंच असेल तर विटांचं मिश्रण घरून घेऊन जा आणि काकांना हेच वापरा म्हणून सांगा, ते ऐकतात. रविवारी गर्दी असते, काका तेव्हा कामात असतात, मधल्या वारी सकाळी गेलात तर निवांत बोलतात.

ज्यांच्याकडे उन्हाची गच्ची किंवा मोठी उघडी बाल्कनी आहे आणि उन्हाळ्यात रोज पाणी घालायला घरात कुणीतरी असतं त्यांनी डोळे झाकून घ्यावं असं हे झाड. मे महिन्यात आठवडाभर घर बंद ठेवून गावाला जाणाऱ्यांनी शेजारी पक्का केल्याशिवाय घेऊ नये, दोन दिवसांत जळेल. फ्लॅटमध्ये फक्त खिडकी असेल तर ते मायक्रोकार्पाच घ्या, तिथल्या दोन नंबरच्या शेडमध्ये साध्या कुंडीतली न सजवलेली असतात, ट्रेमधल्यापेक्षा निम्म्या किमतीत.

या जानेवारीत परत गेले होते. काकांनी नवीन गुट्या उतरवल्यात, त्यात एक जोडखोडाचं आहे, एक जाड एक बारीक, एकाच बुडातून, ते मी बाजूला ठेवायला सांगितलंय, त्याला सुरुवातीपासूनच माझ्या मातीत लावून द्या म्हटलं. टॅगवर वय लिहू नका असंही सांगून आले.